घरातील सुरक्षा गजर विनाकारण वाजत असेल तर: नागपूरच्या घरांसाठी तपासाचा क्रम

नवी सुरक्षा यंत्रणा बसवल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती चोरापेक्षा घरच्यांनाच अधिक जागवते, अशी तक्रार नागपुरात अनेक घरांतून ऐकू येते. रात्री दोन वाजता सायरन सुरू होतो, शेजाऱ्यांच्या घरांतले दिवे लागतात, घरात कोणीही शिरलेले नसते, आणि दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ येऊन सेन्सरची संवेदनक्षमता कमी करून निघून जातो. माझ्या मते हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण त्याने गजर थांबतो तसा बचावही थांबतो. सेन्सरने खरोखर काहीतरी टिपलेले असते किंवा त्याच्यापर्यंत पोहोचणारी वीज, तार अथवा हवा बिघडलेली असते. नेमके काय ते शोधल्याशिवाय संवेदनक्षमतेच्या स्क्रूला हात लावू नये. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले, तेव्हा हवामान खात्याने इतर केंद्रांच्या नोंदी शेजारी ठेवून तो आकडा संवेदकाच्या बिघाडाचा असल्याचे सांगितले. घरातल्या गजराचा तपासही याच रीतीने, म्हणजे एका सेन्सरचे म्हणणे दुसऱ्या नोंदीशी पडताळून करायचा असतो.

आधी खात्री करावी

कोणताही गजर खोटा आहे असे गृहीत धरून तपासाला सुरुवात करू नये. कॅमेरा असल्यास प्रथम त्याचे चित्र पाहावे, घरातील दिवे लावावेत, आणि शंका असल्यास एकट्याने गच्चीवर किंवा मागच्या अंगणात न जाता ११२ या क्रमांकावर फोन करावा. सराईत चोर कधी कधी मुद्दाम ग्रिल हलवून दोन-तीन रात्री गजर वाजवतात आणि वैतागलेल्या घरमालकाने यंत्रणा बंद करण्याची वाट पाहतात. म्हणून बाहेरच्या बाजूचा एकच झोन (यंत्रणेने स्वतंत्र क्रमांक दिलेला घराचा एक भाग) लागोपाठच्या रात्रींना वाजत असेल, तर सेन्सर उघडण्यापूर्वी खिडकीच्या ग्रिलवर ताजे ओरखडे आहेत का, फाटकाची कडी सरकलेली आहे का आणि कुंड्या जागच्या हललेल्या आहेत का, हे दिवसाउजेडी नीट पाहून घ्यावे.

पॅनेलची नोंद वाचावी

बहुतेक पॅनेल, म्हणजे सगळे सेन्सर जिला जोडलेले असतात त्या मुख्य पेट्या, घडलेल्या प्रत्येक घटनेची वेळेसह नोंद ठेवतात आणि ती कीपॅडवर किंवा मोबाइल ॲपमध्ये दिसते. या नोंदीत झोनचा क्रमांक असतो. परंतु झोन ४ म्हणजे स्वयंपाकघराचे मागचे दार की जिन्यातला सेन्सर, हे बसवणाऱ्याने लिहून दिलेले नसेल तर त्या क्रमांकाचा काही उपयोग होत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे झोनची यादी मिळवून ती पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवणे. पॅनेलचे घड्याळ बरोबर आहे का तेही पाहावे, कारण बॅटरी काढून घातल्यावर काही पॅनेलचे घड्याळ मागे पडते आणि मग सगळा तपास चुकीच्या वेळेवर उभा राहतो.

त्यानंतर एक साधी वही करावी. प्रत्येक गजरासाठी झोन, वेळ, यंत्रणा पूर्ण चालू होती की रात्रीच्या घरगुती पद्धतीवर (घरात माणसे असताना फक्त काही सेन्सर चालू ठेवणाऱ्या) होती, त्या सुमारास वीज गेली किंवा आली का, कूलर चालू होता का, आणि बाहेर वारा, पाऊस किंवा फटाके होते का, एवढे लिहिले तरी पुरते. आठवडाभराच्या नोंदींत सहसा काहीतरी ठरावीक दिसू लागते. एकच झोन वारंवार येत असेल तर दोष त्या सेन्सरमध्ये, त्याच्या तारेत किंवा त्याच्या समोरच्या जागेत असतो. अनेक झोन एकाच क्षणी येत असतील तर वीजपुरवठा, बॅटरी किंवा पॅनेल यांच्याकडे पाहावे. दुपारी चार ते सहाच्या दरम्यान पश्चिमेकडच्या खोलीचाच झोन येत असेल तर ऊन हा पहिला संशयित ठरतो.

घरच्या माणसांकडून होणाऱ्या चुका याच वहीत उघड होतात आणि त्या चटकन दुरुस्त होतात. बाहेर पडण्यासाठी दिलेली मुदत तीस सेकंदांची असेल आणि आजींना चपला घालून दार ओढायला त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर ती मुदत साठ सेकंद करावी. कामाला येणाऱ्या मावशींना वेगळा कोड द्यावा, म्हणजे यंत्रणा कोणी कधी बंद केली तेही नोंदीत दिसते.

हालचाल ओळखणारा सेन्सर आणि नागपूरचा उन्हाळा

सर्वाधिक त्रास खोलीच्या कोपऱ्यात बसवलेल्या पांढऱ्या सेन्सरचा होतो, ज्याला तंत्रज्ञ पीआयआर म्हणतात. हा सेन्सर स्वतः काहीही सोडत नाही. तो समोरच्या वस्तूंमधून निघणारी उष्णता, म्हणजे सुमारे ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त लहरी, टिपत असतो. त्याच्या पुढच्या प्लास्टिकच्या भिंगामुळे खोलीचे अनेक पट्टे पडतात आणि आतल्या संवेदकाचे दोन भाग एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. संपूर्ण खोली हळूहळू तापली तर दोन्ही भागांना सारखाच बदल जाणवतो आणि तो एकमेकांत मिटतो. मात्र एखादी वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली की एका भागाला आधी व दुसऱ्याला नंतर बदल जाणवतो आणि सेन्सर हालचाल झाल्याचे कळवतो. याचा अर्थ असा की त्याला माणूस ओळखता येत नाही. सभोवतालपेक्षा कमी-अधिक उष्ण असलेले काहीतरी सरकले, एवढेच त्याला कळते.

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले होते, आणि नवतपाच्या दिवसांत पारा ४५ च्या आसपास जाणे इथे नवे नाही. बंद घराच्या भिंती ३४-३५ अंशांवर आल्या की त्या आणि माणसाची त्वचा जवळपास सारख्याच उष्ण होतात आणि सेन्सरला माणूस दिसणे कठीण होते. ही उणीव भरून काढण्यासाठी बऱ्याच सेन्सरमध्ये अशी सोय असते की खोली त्या तापमानाजवळ पोहोचली की त्यांची संवेदनक्षमता आपोआप वाढते. त्यामुळे हिवाळ्यात ज्या पडद्याकडे सेन्सर ढुंकूनही पाहत नव्हता, तोच पडदा मे महिन्यात हलला की गजर होतो. अशा वेळी संवेदनक्षमता कमी केली तर गजर थांबेल हे खरे. परंतु ज्या तापमानात सेन्सरला माणूस आधीच धड दिसत नाही, त्याच तापमानात आपण त्याला आणखी अधू करून ठेवतो. त्याऐवजी पडदा बांधून ठेवावा किंवा सेन्सरचे तोंड वळवावे.

कूलरचा विचार इथे स्वतंत्रपणे करायला हवा, कारण सेन्सरसोबत येणाऱ्या पुस्तिकांत एअर कंडिशनर आणि हीटर यांचा उल्लेख असतो, पण वाळ्याच्या ताट्या लावलेल्या आपल्या खिडकीतल्या कूलरचा सहसा नसतो. कूलरची गार, ओली हवा झोताने खोलीत येते, समोरच्या तापलेल्या भिंतीचा एक पट्टा गार करते आणि वाटेतले पडदे, कॅलेंडर, वाळत घातलेले कपडे हलवते. त्यात कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते म्हणून आपण समोरचे दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवतो, आणि शयनगृहातली हवा ज्या दिवाणखान्यातून बाहेर पडते तिथला सेन्सर रात्री चालूच असतो. याहून फसवा प्रकार म्हणजे बटण चालू राहिलेला कूलर. वीज जाते, मध्यरात्री येते, कूलर आपोआप फिरू लागतो आणि मिनिटाभरात सायरन वाजतो. नोंदीत वीज परत आल्याची वेळ आणि लगेच खाली हॉलच्या झोनचा गजर असे दिसले, तर दुसरे कारण शोधण्याआधी बाहेर जाताना कूलरचे बटण भिंतीवरूनच बंद करण्याची सवय लावून पाहावी.

सेन्सर बसवण्याची जागा तपासताना पुढील क्रम ठेवावा. जमिनीपासून सात ते आठ फूट उंचीवर, खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीकडे पाठ किंवा कड करून तो असावा. आडव्या हालचालीला तो अधिक लवकर दाद देतो, म्हणून चोर ज्या वाटेने येईल ती वाट त्याच्या समोरून आडवी जाईल अशी जागा निवडावी. कूलर, फ्रिजची मागची बाजू, देवघरातील समई आणि पश्चिमेची खिडकी त्याच्या थेट नजरेत नसावीत. खिडकीच्या काचेतून शरीराची उष्णता जवळजवळ आरपार जात नाही, त्यामुळे बाहेरून चालणारा माणूस सेन्सरला दिसतो ही समजूत बरोबर नाही. उन्हाचा कवडसा मात्र काचेतून आत येतो, फरशी तापवतो, आणि ढग सरकले की त्या फरशीचे तापमान झपाट्याने बदलते.

आता पालीकडे वळू या. कोपऱ्यातला सेन्सर ट्यूबलाइटजवळ असेल तर दिव्यावर किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि ती थेट भिंगावर जाऊन बसते. भिंगाला चिकटलेली चार इंचांची पाल सेन्सरच्या लेखी अख्ख्या पट्ट्याएवढी असते. सेन्सरची खोळ उघडली तर कधी आत मुंग्यांची अंडी, कधी कोळ्याचे जाळे सापडते, आणि ते सगळे तार आत येण्याच्या छिद्रातून आलेले असते. ते छिद्र सिलिकॉनने किंवा खिडकीच्या पुट्टीने बंद करावे. भिंग मऊ कोरड्या कापडाने पुसावे. त्यावर कीटकनाशक फवारू नये व स्पिरिट लावू नये, कारण ते पातळ प्लास्टिक धूसर होते आणि मग सेन्सर कायमचा बदलावा लागतो. प्राण्यांना न जुमानणारा म्हणून घेतलेला सेन्सर खाली फिरणाऱ्या कुत्र्याला माफ करतो, परंतु कपाटावर चढलेल्या मांजरीला नाही, आणि तोसुद्धा पुस्तिकेत दिलेल्या उंचीवर बसवला असेल तरच.

दारे-खिडक्यांचे चुंबकी संपर्क

दाराच्या चौकटीवर एक छोटी स्विच आणि फळीवर चुंबक, अशी ही जोडी असते. चुंबक जवळ असेपर्यंत स्विचमधल्या दोन पातळ पात्या चिकटून राहतात आणि दार उघडले की सुटतात. साधारण प्रकारांत दोघांमधले अंतर १५ ते २० मिलिमीटरपर्यंत चालते. पण इतके ताणून बसवलेले दार वाऱ्याच्या एका धक्क्याने गजर करते. बंद दारात हे अंतर ५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावे. चुंबक लोखंडी दारावर थेट बसवला असेल तर त्याचा जोर बराच घटतो, म्हणून मधे प्लास्टिकची पट्टी घालावी किंवा लोखंडी दारासाठी असलेला मोठा संपर्क घ्यावा.

तपासण्याची रीत अशी: कीपॅडवर दार उघडल्याची घंटी चालू करावी, दाराला कडी लावावी आणि आतून तळहाताने ते दाबून व ओढून पाहावे. कडी लागलेली असताना घंटी वाजली तर बिजागरी ढिली आहे किंवा अंतर जास्त आहे. जून संपता संपता लाकडी दारे फुगतात, कडी अर्धवट बसते आणि जे दार उन्हाळ्यात नीट होते ते पावसाळ्यात दर दोन दिवसांनी गजर करते. अशा वेळी सुताराने रंधा मारून दार बसते करणे हाच इलाज आहे, सेन्सर बदलून काहीही होत नाही. कूलरचा इथेही संबंध येतो. बंद खोलीत कूलर हवा कोंबतो तेव्हा दाराची फळी बाहेर ढकलली जाते, त्यामुळे ही दाबून पाहण्याची परीक्षा कूलर पूर्ण वेगावर ठेवूनही एकदा करावी. सेमिनरी हिल्स किंवा फुटाळ्याच्या बाजूला ज्यांची घरे आहेत त्यांनी गच्चीचे दार वानरांच्या दृष्टीनेही तपासावे, कारण दोन वानरे कठड्यावरून दारावर आदळली तर कोणताही ढिला संपर्क सुटतो.

वीज, बॅटरी आणि तारा

पॅनेलमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते. कंपन्या तिचे आयुष्य तीन ते पाच वर्षे सांगतात, पण ते सुमारे २५ अंशांच्या हिशेबाने. त्यावर दर दहा अंशांना आयुष्य साधारण निम्मे होते. पॅनेल जिन्याखालच्या कोंदट कपाटात किंवा गच्चीलगतच्या खोलीत असेल तर बॅटरी दुसऱ्या वर्षाअखेरीसच दगा देऊ शकते, हे धरून चालावे.

बॅटरी चांगली असेल तर वीज गेल्याचे किंवा इन्व्हर्टरवर गेल्याचे पॅनेलला जाणवतही नाही. म्हणून वीज जाण्या-येण्याच्या नेमक्या क्षणी गजर होत असेल तर इन्व्हर्टरला दोष देण्याआधी बॅटरी तपासावी. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. वीज चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते पावणेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. मग पॅनेलची वीज बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. आकडा १२ च्या खाली घसरला असेल तर बॅटरी बदलावी, आणि नवी घेताना तिच्यावरची निर्मितीची तारीख पाहावी, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरीही झिजते. बिनतारी सेन्सरमधल्या लिथियम बॅटऱ्यांचे उलट असते: डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली आला की कमकुवत झालेल्या बॅटरीचा व्होल्टेज आणखी घसरतो आणि इशारा नेमका पहाटे येतो.

तारेचा दोष शोधण्यासाठी एक जुनी युक्ती आहे. प्रत्येक झोनच्या टोकाला एक लहान रोधक (रेझिस्टर) जोडलेला असतो, ज्याचे ओहममधले मूल्य पॅनेलप्रमाणे वेगळे असते आणि पुस्तिकेत दिलेले असते. पॅनेलची वीज व बॅटरी दोन्ही बंद करून त्रास देणाऱ्या झोनच्या दोन तारा पॅनेलवरून काढाव्यात आणि त्या जागी त्याच मूल्याचा रोधक थेट लावावा. पुन्हा चालू केल्यावर दोन-तीन दिवसांत त्या झोनचा गजर आला नाही, तर पॅनेल निर्दोष आहे आणि दोष तारेत किंवा सेन्सरमध्ये आहे. तरीही आला, तर पॅनेलच दुरुस्तीला द्यावे. या दिवसांत तो भाग असुरक्षित आहे हे घरात सर्वांना सांगून ठेवावे. पहिल्या प्रकारात, म्हणजे पॅनेल निर्दोष निघाल्यास, तारेचा प्रत्येक जोड उघडून पाहावा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार पावसाळ्यात हिरवट पडते, तिचा रोध वाढतो, आणि गार-गरम होताना तो जोड क्षणभर सुटतो. असा जोड कापून नव्याने डाग द्यावा. पॅनेलच्या २३० व्होल्टच्या बाजूला मात्र स्वतः हात घालू नये. ते काम परवानाधारक वायरमनचे आहे. विदर्भात मान्सूनपूर्व वादळांत विजा फार पडतात, तेव्हा पॅनेलला चांगले अर्थिंग आणि सर्ज रोधक (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारे उपकरण) आहे का, हेही त्याच्याकडून पाहून घ्यावे.

कॅमेरा, धूर आणि आवाज

कॅमेऱ्याचे रात्रीचे इशारे बहुधा किडे आणि कोळ्यांमुळे येतात. कॅमेऱ्याभोवतीच्या अवरक्त दिव्यांमुळे पहिल्या पावसानंतर उडणारे किडे भिंगाजवळ पांढऱ्या रेषांसारखे चमकतात आणि केवळ चित्रातील बदल मोजणारा कॅमेरा त्यालाच हालचाल समजतो. आठवड्यातून एकदा झाडूने जाळी काढावी, आवारात कॅमेऱ्यापासून काही फूट दूर वेगळा दिवा लावावा, आणि ॲपमध्ये रस्ता व झाडाच्या फांद्या वगळून फक्त फाटक आणि पोर्च एवढाच भाग आखून घ्यावा. माणूस ओळखण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

धुराचा सेन्सर स्वयंपाकघराच्या दाराजवळ असेल तर सावजी रस्स्यासाठी मसाला भाजताना तो वाजणारच. तो चुलीपासून किमान तीन मीटर दूर हलवावा आणि स्वयंपाकघरात उष्णतेवर चालणारा सेन्सर लावावा. असे साधे सेन्सर सुमारे ५७ अंशांवर वाजतात, त्यामुळे टिनाच्या छताला अगदी चिकटून ते बसवू नयेत. धूप, उदबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूरही पुरेसा असतो. गजर होतो म्हणून धुराच्या सेन्सरची बॅटरी काढून ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गॅसचा सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर असतो. त्याच्याजवळ सुगंधी फवारे किंवा सॅनिटायझर वापरू नये.

काच फुटल्याचा आवाज ओळखणारे सेन्सर दिवाळीच्या फटाक्यांना आणि स्टीलची भांडी पडण्याला फसू शकतात. कंपनावर चालणारे सेन्सर रस्ता फोडणाऱ्या यंत्रांना दाद देतात, आणि सिमेंट रस्त्यांची कामे सुरू असलेल्या वस्तीत त्यांची संवेदनक्षमता काही दिवसांपुरती कमी करणे योग्य ठरते. मी सुरुवातीला ज्या उपायाला चुकीचे म्हटले तो इथे चालतो, कारण इथे कारण माहीत असते आणि ते संपण्याची तारीखही.

बदल, परीक्षा आणि तंत्रज्ञ

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर किमान आठवडाभर वही पाहावी. पडदा बांधला, सेन्सर वळवला आणि बॅटरीही बदलली, हे सगळे एकाच दुपारी केले तर गजर थांबला तरी तो कशाने थांबला ते कळत नाही आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोन एकसारख्या सेन्सरपैकी एक त्रास देत असेल तर त्यांची अदलाबदल करावी: त्रास सेन्सरबरोबर गेला तर सेन्सर खराब, जागेवरच राहिला तर जागा किंवा तार खराब.

प्रत्येक बदलानंतर चालून परीक्षा घ्यावी. बहुतेक पॅनेलमध्ये यासाठी सायरन न वाजवणारी वेगळी पद्धत असते. ती चालू करून प्रत्येक खोलीत सावकाश, मग भरभर, आणि शेवटी वाकून चालावे, व सेन्सरचा लहान दिवा कुठे लागतो ते पाहावे. ही परीक्षा उन्हाळ्यात भर दुपारी घ्यावी, कारण सेन्सर सर्वांत कमकुवत त्याच वेळी असतो. सायरन किती वेळ वाजतो तेही तपासून तो तीन ते पाच मिनिटांत आपोआप थांबेल असे ठरवावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि सायरनचा आवाज शंभराच्या पुढे जाऊ शकतो. शेजाऱ्यांच्या सहनशीलतेलाही मर्यादा असतेच.

एवढे करूनही गजर थांबला नाही, किंवा दोष पॅनेलमध्येच निघाला, तर तंत्रज्ञाला बोलवावे आणि वही त्याच्यापुढे ठेवावी. त्याने काही न पाहता संवेदनक्षमतेच्या स्क्रूकडे हात नेला, तर कोणत्या नोंदीवरून हा निर्णय घेतला असे शांतपणे विचारावे. काम संपल्यावर त्याने कोणत्या झोनमध्ये काय बदलले ते तारखेसह त्याच वहीत लिहून घ्यावे, त्याच्यासमोर पुन्हा चालून परीक्षा घ्यावी, पॅनेलचा मास्टर कोड आपल्याकडे आहे याची खात्री करावी आणि मगच पैसे द्यावेत.